अडायची जागा एकच

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी एक दिवसाआड यायला लागलं. कार्यकारिणीनं लगेच पोटसमिती नेमली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, कारखान्यात देखभाल विभाग सांभाळलेले दुसरे, एक सीए आणि बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी. चौघंही कामाचे, चौघंही सचोटीचे. आठवडाभर त्यांनी खालच्या टाकीची पातळी पट्टीनं मोजली, पंप किती मिनिटांत किती पाणी वर चढवतो ते लिहून काढलं आणि लिटर न् लिटर जुळणारं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावलं. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी सात ते साडेआठ. एरवी व्हॉल्व्ह बंद.

तिसऱ्या दिवशी वेळापत्रक कोलमडलं. भांडीवाल्या बायका साडेनऊनंतर येतात, हे त्यात नव्हतंच. मग प्रत्येक घरात सकाळी सहाला उठून पिंपं, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवायला सुरुवात झाली. संध्याकाळी ताजं पाणी आलं की सकाळचं 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि पुन्हा भरायचं. वापर कमी व्हायचा तो वाढला. टँकर आठवड्याला दोन यायचे ते तीन यायला लागले.

चौघांपैकी एकाच्याही डोक्यात भांडीवाली आली नाही. चौघांच्याही घरी ती रोज येते. पण ती येते तेव्हा हे चौघं एकतर खाली बाकावर पेपर वाचत असतात किंवा बँकेत गेलेले असतात. या समितीत पाचवा माणूस म्हणून आणखी एक इंजिनिअर, अगदी आयआयटीतला, घेतला असता तरी तो याच ठिकाणी अडला असता.

ही 'अडायची जागा' मला एका गणिती खेळात सापडली. अमेरिकेतले लू हाँग आणि स्कॉट पेज यांनी २००४ साली तो संगणकावर मांडला. एक गोल रिंगण, त्यावर दोन हजार घरं, प्रत्येक घरात शून्य ते शंभरमधला कुठलाही आकडा. खेळाडूनं फिरत फिरत जास्तीत जास्त मोठा आकडा गाठायचा. पण सगळं रिंगण त्याला दिसत नाही. त्याला फक्त तीन उड्या येतात, एक ते बारा घरांमधल्या कुठल्याही तीन. कुणाला एक, पाच आणि अकरा. कुणाला दोन, तीन आणि नऊ. उडी टाकून पाहायची, समोरचा आकडा मोठा असेल तर तिकडे जायचं. तिन्ही उड्या टाकूनही मोठं काही सापडेना, की तो तिथंच अडून बसला. आधी एकेकट्याला खेळवून कोण किती हुशार ते काढलं. मग सगळ्यांत हुशार दहा जणांचा एक संघ केला आणि जणू चिठ्ठ्या टाकून उचललेल्या दहांचा दुसरा. संघात एक जण अडला की दुसरा तिथून पुढे खेळतो. चिठ्ठीवाले जिंकले. फरक फार मोठा नव्हता, शंभरात दोनेक गुणांचा, पण जिंकले.

कारण सोपं आहे. सगळ्यांत हुशार दहा जणांच्या उड्या एकमेकांशी बऱ्याच मिळत्याजुळत्या होत्या. म्हणूनच तर सगळे हुशार ठरले होते. पहिला जिथं अडला तिथं दुसराही अडला, तिसराही. एकाच माळेचे मणी. चिठ्ठीवाल्यांमध्ये एखादा ढ असेलही, पण त्याची ती वेडीवाकडी सात घरांची उडी नेमक्या त्या खड्ड्यातून बाहेर काढणारी निघाली.

ही गोष्ट जगभर गाजली. 'विविधता क्षमतेला मात देते' असं वाक्य त्यातून निघालं आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत, विद्यापीठांच्या धोरणपत्रांत फिरायला लागलं. खेळाच्या जोडीला त्या दोघांनी एक गणिती सिद्धांतही मांडला होता, आणि एखादी गोष्ट गणितानं सिद्ध झालीय म्हटलं की आपण मान डोलावतो. मग २०१४ साली अॅबिगेल थॉम्पसन या गणितज्ञ बाईंनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात या सिद्धांताची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सिद्धांताच्या मांडणीत हुशारांचा संघ म्हणजे एकाच सर्वोत्तम खेळाडूच्या अनेक प्रती असतात, आणि चिठ्ठीवाल्यांचा संघ इतका मोठा धरलेला असतो की त्यात प्रत्येक तऱ्हेचा खेळाडू येणारच. शिवाय कुठल्याही अडलेल्या जागेतून बाहेर काढणारा कुणीतरी आहेच, हे आधीच गृहीत धरलेलं. मग जिंकणार कोण, हे खेळायच्या आधीच ठरलेलं आहे. त्यातून समाजाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

मला थॉम्पसन यांचं म्हणणं पटतं. आणि तरीही निर्णय घेणाऱ्यांत वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं असलीच पाहिजेत असं मी म्हणतो. या दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. उलट विविधतेची बाजू घेणाऱ्यांनी या सिद्धांताच्या कुबड्या घेतल्या, हीच मला चूक वाटते. 'बायकांना समितीत घ्या, कारण नफा वाढतो' असं म्हणणाऱ्याला उद्या कुणी विचारलं की नाही वाढला तर, तर तो काय उत्तर देणार? ज्याच्यावर निर्णय लादला जाणार आहे त्याला त्या निर्णयात बोलायचा हक्क आहे, या गोष्टीला संगणकाचं प्रमाणपत्र लागत नाही.

पण हक्काचा मुद्दाही बाजूला ठेवू. निव्वळ 'निर्णय चांगला कसा होईल' एवढाच प्रश्न घेतला, तरी त्या खेळात थॉम्पसन यांनी दाखवलेल्या भोकापेक्षा मोठं भोक आहे. रिंगणातल्या प्रत्येक घरातला आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो. ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव, तुम्हालाही आणि मलाही. गावात, सोसायटीत, देशात तसं नसतं. तिथं भांडण उडीवरून होत नाही, आकड्यावरून होतं.

योगायोग असा की त्याच २००४ साली राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा भारतातल्या ग्रामपंचायतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतींमध्ये एक तृतीयांश प्रमुखपदं महिलांना राखीव झाली, आणि कुठल्या गावची जागा राखीव होणार हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. संशोधकाला याहून चांगलं काय हवं! त्यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायती तपासल्या. जिथं बाई प्रमुख होती तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला होता, कारण पंचायतीकडे बायका सगळ्यांत जास्त तक्रार घेऊन येत ती पाण्याची. राजस्थानात रस्ते ही पुरुषांची मागणी होती, आणि तिथं महिला प्रमुख असलेल्या गावांत रस्त्यांवर तुलनेनं कमी लक्ष गेलं. बंगालमध्ये बायकांनाही रस्ते हवे होते. तिथं रस्त्यांवरचा खर्च वाढला.

यात कोण जास्त 'सक्षम' होतं? प्रश्नच चुकीचा आहे. आधीचे पुरुष सरपंच रस्ता बांधण्यात कमी पडत नव्हते. बाई आली आणि रिंगणातले आकडेच बदलले. हातपंपाच्या घरात पूर्वी चाळीस लिहिलेलं होतं, तिथं नव्वद दिसायला लागले. क्षमता म्हणजे ठरलेल्या ठिकाणी लवकर आणि चांगल्या रीतीनं पोचणं. जायचं कुठं, हे क्षमतेनं ठरत नाही. आमच्या पोटसमितीनं 'पाणी कसं वाचवायचं' हा प्रश्न अचूक सोडवला होता. प्रश्न होता 'घर कसं चालवायचं'.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी याच सोसायटीत पाहिली. पाण्याच्या गोंधळानंतर निवडणूक झाली आणि नवी समिती खरोखर सगळ्या थरांतली आली. तरुण, म्हातारे, नोकरदार बायका, तळमजल्यावरचा दुकानदार. पावसाळ्याआधी गच्चीची गळती निघाली. एका सभासद इंजिनिअरनं सांगितलं की कोब्याचा ढाळच चुकलाय, पाणी जाळीकडे न जाता मधे साचतं. कोबा उखडून नव्यानं घाला. खर्च मोठा होता. दुसरा पर्याय वरून केमिकल कोटिंग मारायचा, एक तृतीयांश पैशात. खुल्या मनानं चर्चा झाली, सगळ्यांचं ऐकून घेतलं, हात वर करून मतदान झालं. कोटिंग जिंकलं. दुसऱ्या पावसाळ्यात ते पापुद्र्यासारखं निघालं आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत छताखाली बादल्या लागल्या. पाण्याला मतदान कळत नाही. ढाळ चुकलाय की नाही हे लेव्हल ट्यूब धरून पाहायचं असतं, हात वर करून नाही.

आपली भाषा या बाबतीत मोठी चतुर आहे. एकीकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणते आणि दुसरीकडे 'बारभाईंची खेती, काय लागेल हाती' असंही म्हणते. (खरं तर नारायणरावाच्या खुनानंतर जमलेल्या मूळ बारभाईंनी राघोबादादाला गादीवरून दूर करून सवाई माधवरावाचं राज्य टिकवलं होतं. कारभार जमला तरी नाव बदनाम झालं, ते झालंच.) दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कुठली कुठं लावायची एवढंच कळायला हवं.

महाराष्ट्रात हा वाद उघडपणे होतो तो आरक्षणाच्या नावानं. 'गुणवत्ता' हा शब्द आपण असा वापरतो की जणू ती उंचीसारखी टेपनं मोजता येते. प्रवेश परीक्षेचे गुण हे त्या परीक्षेत अडायच्या जागा किती टाळल्या याचं माप आहे. एकाच शहरातल्या एकाच क्लासमधून एकाच नोट्स घोकून पहिले आलेले दहा जण म्हणजे हाँग आणि पेज यांच्या खेळातला पहिला संघच की. आणि उलटही खरं आहे, हे विविधतेवाल्यांनी ऐकून घ्यावं: वेगवेगळ्या जातींतली दहा मुलं त्याच क्लासमधून, त्याच कॉलेजातून, त्याच कंपनीतून आली तर नुसत्या आडनावांनी उड्या वेगळ्या होत नाहीत. आरक्षणामुळे कारभार घसरतो, या ठाम समजुतीलाही एकदा आकड्यांसमोर उभं करून झालंय. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातली आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी आणि अधिकारी वाढल्यानं उत्पादकता घटल्याचा कुठलाही पुरावा त्यांना मिळाला नाही. हा विषय इथं इतकाच पुरे.

मला जास्त रस आहे तो या गोष्टीत, की क्षमता आणि विविधता यांना एकाच खुर्चीसाठी भांडायला का लावायचं? दोघांची कामं वेगळी आहेत. आपल्या देशातला सगळ्यांत मोठा सामूहिक निर्णय म्हणजे संविधान, आणि तिथं ही कामं वेगळी ठेवली होती. बेनेगल नरसिंग राव हे घटनात्मक सल्लागार. जगभरच्या राज्यघटना कोळून प्यालेला माणूस. पहिला कच्चा मसुदा त्यांचा, २४३ कलमांचा. पण ते संविधान सभेचे सदस्य नव्हते. त्यांना मत नव्हतं. त्या मसुद्यावर डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालची सात जणांची मसुदा समिती बसली, तिच्यात बहुतेक कायदेपंडित. आणि त्यांनी लिहिलेलं सगळं गेलं ते भरसभेत. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कायद्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या सदस्यांनीही त्या मांडल्या, आणि मसुदाकारांना एकेका शब्दासाठी उभं राहून उत्तर द्यावं लागलं. शेवटी कलमं झाली ३९५.

त्याच सभेत डिसेंबर १९४६ मध्ये जयपालसिंग मुंडा यांनी सांगितलं होतं की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल. ऑक्सफर्डला शिकलेला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार असलेला हा माणूस तिथं 'जंगली' म्हणून अभिमानानं बोलायला उभा होता. सभेला ते कितपत ऐकू गेलं कोण जाणे.

पण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात गेलं की त्या वाक्याचा अर्थ कळतो. मेंढा (लेखा) हे शंभरएक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचलीय. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सगळे त्या जंगलाबद्दल आणि बांबूबद्दल लिहितात. मला त्यांच्या बैठकीची पद्धत जास्त मोलाची वाटते. तिथं दोन वेगळ्या बैठका असतात. एक अभ्यास गट: ज्याला रस आहे तो येतो, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात, कायदा वाचतात, वाद घालतात, चुका काढतात. पण अभ्यास गट काहीही ठरवत नाही. ठरवते ती ग्रामसभा, आणि तीही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या सभेला जातो. त्या अडलेल्या माणसाला काय दिसतंय, हे सगळ्यांना कळेपर्यंत थांबायचं.

आपल्याकडे अडून बसणारा म्हणजे आडमुठा. तिथं तो एक खूण आहे, इथं खड्डा असू शकतो याची.

हे मुंबई महापालिकेत चालणार नाही, हे मलाही कळतं. शंभर घरांना जमतं ते दीड कोटींना जमत नाही. शिवाय मेंढ्यात एकाच समाजाची माणसं आहेत. तिथली विविधता आहे ती बाई-पुरुष, म्हातारा-तरुण, शिकलेला-न शिकलेला अशी. आणि सर्वसहमतीत एखादा धटिंगण सगळं गाव ओलीस धरू शकतो. पण जाणणाऱ्यानं समजावून सांगायचं आणि भोगणाऱ्यानं ठरवायचं, ही विभागणी उचलायला गाव लहानच लागतं असं नाही. आमच्या गच्चीचा निर्णय या पद्धतीनं झाला असता, तर ढाळ चुकलाय हे मतदानाला आलंच नसतं. मतदानाला आलं असतं ते एवढंच: पैसे यंदा काढायचे की वरच्या चार घरांनी आणखी एक पावसाळा बादल्या लावायच्या. तो प्रश्न खरोखर सगळ्यांचा होता.

आणि माणसं वेगवेगळी नुसती घेऊन भागत नाही. त्या संगणकी खेळात कुणी कुणाला घाबरत नाही. 'साहेब बोलले, आता आपण काय बोलायचं' हा विचार कुठल्याही खेळाडूच्या मनात येत नाही. आमच्या जुन्या कार्यकारिणीत महिलांच्या राखीव जागांवर दोन नावं होती. त्या दोघी बैठकीला कधी दिसल्या नाहीत. सभा झाली की वॉचमन इतिवृत्ताची वही घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि दारात सही घेऊन यायचा. कागदावर विविधता शंभर टक्के. त्यांतल्या एकीला मी नंतर पाण्याच्या वेळापत्रकाबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वहीत काय लिहिलंय ते बघायला तो थांबतोय कुठं? खाली आणखी दोन सह्या घ्यायच्या असतात त्याला." गावोगावचे 'सरपंचपती' आपण हसण्यावारी नेतो, पण ती वही शहरातही फिरतच असते.

यावरचा उपाय मला अगदी अनपेक्षित ठिकाणी दिसला. लष्करात माणसाला वरिष्ठाचा शब्द झेलायचं शिक्षण दिलं जातं. तरीही कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेताना सुरुवात करतात ती सगळ्यांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून. ब्रिगेडियर आधी बोलला तर कॅप्टनचं मत त्याच्यामागे जाणार, हे नियम लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिस्त जितकी कडक, तितकी ही काळजी जास्त.

येत्या रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेत चौथा विषय पुनर्विकासाचा. बिल्डरांचे तीन प्रस्ताव आलेत, सल्लागार वास्तुविशारद एक तास समजावून सांगणार आहेत, आणि मग चर्चा. मी सेक्रेटरींना सुचवलं की चर्चेत पहिल्यांदा सी विंगमधले वन आरकेवाले बोलू देत, मग एकेकट्या राहणाऱ्या आज्या, मग तळमजल्याचे दुकानदार. थ्री बीएचकेवाले आणि आपण कार्यकारिणीवाले सगळ्यांत शेवटी. सेक्रेटरी चांगला माणूस आहे. त्यानं वहीतून मान वर करून विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे रात्रीचे अकरा वाजणार. चहा दोनदा सांगून ठेवतो."